सूट निळा नव्हता

१२ ऑगस्ट, शुक्रवार

आज जोनेलचं पुस्तक टपालाने आलं. जाड पुठ्ठ्याचं आहे. मागच्या बाजूला तिचा फोटो, केस मोकळे. टीनने तो फोटो पाहून आधी केसांवरच टीका केली असती आणि मग शेजारपाजारच्या सगळ्यांना दाखवून आली असती.

टीन म्हणजे माझी थोरली बहीण अर्नेस्टीन, जोनेलची आई. तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात गेली. आम्ही दोघी याच घरात राहायचो. संध्याकाळी ओट्यावर बसून दिवसभरात काय झालं ते एकमेकींना सांगायचो. तिच्या बोलण्यात माझं बोलणं झाकून जायचं आणि ते मला बरं वाटायचं. आता सांगायला कोणी नाही, म्हणून इथे लिहिते. शाळेच्या कचेरीत उभा जन्म लिहिण्यातच गेला, पण ते सगळं दुसऱ्यांचं.

जोनेल पंचवीस तारखेला येतेय. तिला आठवा महिना लागतोय. एवढ्या उन्हात अटलांटाहून गाडी चालवत येऊ नकोस म्हटलं, पण ऐकत नाही. चर्चच्या हॉलमध्ये तिच्या पुस्तकाचं वाचन ठेवलंय. फोनवर म्हणाली, "मावशी, मला भीती वाटते गं. आपल्यासारख्या काळ्या बायका बाळंतपणात फार मरतात. गोऱ्या बायका इतक्या मरत नाहीत." मी म्हटलं, असलं वाचत जाऊ नकोस. ती म्हणाली, "मी वाचत नाही मावशी. लिहिते."

देवाजवळ माझं आता एकच मागणं आहे. ही पोरगी आणि तिचं बाळ सुखरूप राहू दे. आणखी काही नको.

१७ ऑगस्ट

पुस्तक अर्धं झालं. सावकाश वाचते. गोष्ट एका बाईची आहे. गोऱ्यांच्या घरी वर्षानुवर्षं पोरं सांभाळते, नवऱ्याचा मार खाते, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून गाते, आणि तिला काय होतंय हे कोणी विचारत नाही. नाव वेगळं दिलंय, पण हसणं टीनचं आहे. डाव्या कानाने कमी ऐकू यायचं तेही टीनचं आहे. कानाचं कारणही जोनेलने लिहिलंय. आमच्या घरात ते कारण कधी कोणी बोललं नव्हतं.

त्या बाईची एक धाकटी बहीण आहे, लेना. लेना सारखी इस्त्री करत असते. मला ही लेना आवडली नाही. घुमी बाई आहे. शेजारच्या खोलीत काय चाललंय हे कळून रेडिओचा आवाज वाढवते. असल्या बाया असतात.

आमच्या आईचं मात्र जोनेलने खरं लिहिलंय. आई एका घरी स्वयंपाकाला होती. तिसऱ्या खेपेला कळा सुरू झाल्या, ती तशीच एप्रनवर हॉस्पिटलात गेली. तिला मागच्या दाराशी बाकावर बसवून ठेवलं. बाळ तिथेच गेलं. तेव्हापासून आमच्या घरचा नियम, डॉक्टरकडे जायचं तर चर्चला निघाल्यासारखं जायचं. इस्त्रीचे कपडे, मोजे, कानात काहीतरी, आणि आवाज खाली. म्हणजे समोरचा आपल्याला कोणीतरी समजतो. आजवर मी हा नियम मोडलेला नाही.

२१ ऑगस्ट, रविवार

प्रार्थना संपल्यावर सिस्टर गॅस्किनने मला जिन्यापाशी गाठलं. चर्चमध्ये आम्ही सगळ्याच एकमेकींना सिस्टर म्हणतो, पण सगळ्या बायकांची पुढारी ती. आम्ही दोघी पहिलीपासून एका वर्गात. अंगावर पांढरा पोशाख, हातांत पांढरे हातमोजे आणि तोंडात ती तिखट जीभ.

"व्हर्डी, वाचलंस का ते?"

"वाचतेय."

"मी दोन दिवसांत संपवलं. लाज वाटली म्हणून भराभर वाचलं. तुझ्या भाचीने आपली लक्तरं वेशीवर टांगलीत. आपले पुरुष असे, आपलं चर्च तसं! गोरे लोक वाचतील आणि म्हणतील, बघा, आम्हाला माहीतच होतं."

"तिने नावं बदललीत."

"टोपी बदलून माणूस बदलतो होय? माझी टोपीसुद्धा पुस्तकात घातलीय तिने! जांभळी, पिसाची. म्हणे, टोपीखाली मेंदूला जागा उरली नव्हती."

मला हसू आलं. तिलाही आलं असावं, पण तिने ते गिळलं. मग जवळ येऊन म्हणाली, "तू सांग तिला. वाचन करायचं तर कर म्हणावं, पण ते हॉस्पिटलचं प्रकरण नको. टीनच्या आत्म्याला शांती लाभू दे."

सांगते म्हटलं. हॉस्पिटलचं प्रकरण अजून मी वाचलेलं नाही. तिथे खूण घालून पुस्तक मिटून ठेवलंय.

२५ ऑगस्ट

जोनेल आली. पोट छान आलंय, चेहराही भरलाय. मी म्हटलं, गरोदरपणाचं तेज चढलंय. ती म्हणाली, "तेज कसलं मावशी, सूज आहे." पावलं बुटात मावत नव्हती. एवढा वेळ पाय खाली सोडून गाडी चालवल्यावर दुसरं काय होणार! अंगठी निघेना, साबण लावून काढली. ती मी स्वयंपाकाच्या ओट्यावर बशीत ठेवलीय.

तिच्यासाठी हॅम, बटरबीन्स आणि मक्याचा पाव केला होता. दोन घास खाल्ले. डोकं दुखतंय म्हणाली. उन्हाचं असणार.

नवरा डॅरियस कामासाठी टेक्सासला गेलाय, पुढच्या आठवड्यात येईल. रोज दोनदा फोन करतो. पोरगा बरा आहे. टीनच्या वाट्याला असा आला असता तर.

२८ ऑगस्ट, रविवार

जोनेलला घेऊन चर्चला गेले. माझा पिवळा ड्रेस तिला सैल करून दिला होता. बायका हसून भेटल्या, पण त्या हसण्यात गोडवा कमी होता. म्हाताऱ्या मदर प्रुइटनी मात्र तिच्या पोटावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

जोनेलने बाकाखाली बूट काढून ठेवले होते. निघताना ते पायात जाईनात. हातात बूट घेऊन अनवाणी निघाली. मी म्हटलं, निदान गाडीपर्यंत तरी घाल. लोक बघत होते.

३० ऑगस्ट

आज आमचं वाजलं. वाजलं म्हणजे ती बोलली आणि मी भांडी घासत राहिले.

मी सिस्टर गॅस्किनचा निरोप सांगितला. ती म्हणाली, "तेच तर वाचायचंय मला. बाकीचं नाही वाचलं तरी चालेल." आणि मग, "तू वाचलंस का ते?"

दुपारी ती झोपल्यावर वाचलं. बाईला पाठीत आणि जबड्यात कळा येतात. लेना कपाटातून तिचा निळा सूट काढते, इस्त्री करते, तिला मोजे घालते, मोत्याच्या कुड्या घालते, लिपस्टिक लावते. हॉस्पिटलात नर्स म्हणते, "अरे वा, कुणाच्या लग्नाला निघालात?" आणि पित्ताची गोळी देऊन बसवते. दोघी बहिणी हात मांडीवर ठेवून, एक शब्द न बोलता, दुपारभर बसून राहतात. मग घरी जातात. दुसऱ्या दिवशी बाई मरते.

जोनेल उठल्यावर मी तिला म्हटलं, "यात चूक आहे. सूट निळा नव्हता. करडा होता."

"एवढंच?" ती म्हणाली.

"बाहीला काळी पट्टी होती. निळा सूट टीनकडे कधी नव्हताच."

"मावशी, ती लेना..."

"लेना कोण ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी कधी रेडिओ मोठा लावत नाही."

ती उठून आली, मागून माझ्या गळ्यात हात टाकले आणि तशीच उभी राहिली. हात फार गरम आणि जड वाटले.

खरं म्हणजे टीन त्या दिवशी इतकी नीटनेटकी दिसत होती की मला बरं वाटलं होतं. कोणी आम्हाला ताटकळत उभं ठेवलं नाही. बसायला खुर्च्या दिल्या.

३१ ऑगस्ट

जोनेलचं डोकं थांबेना, म्हणून दवाखान्यात नेऊन आणलं. तिला तसंच ढगळ्या सदऱ्यात निघायचं होतं. मी निघू दिलं नाही. पिवळा ड्रेस परत इस्त्री केला, केस विंचरून बांधले, माझ्या कुड्या दिल्या. वाद घालण्याइतका जोर तिच्यात नव्हता.

नर्स चांगली होती. म्हणाली, "किती गोड दिसतेस! पहिलटकरीण ना? मग असं वाटतंच." बीपी जरा चढलंय, पण ते प्रवासाचं आणि काळजीचं. पाणी पी, मीठ कमी कर, अटलांटाला गेलीस की तुझ्या डॉक्टरांना दाखव. जोनेल काहीतरी विचारत होती, पण नर्स तोवर दुसऱ्या खोलीत गेली होती.

एकूण नीट झालं. येताना मी आइस्क्रीम घेतलं. जोनेलचं हातातच वितळलं. मीठ मीच जास्त घालते, हॅममध्ये तर फार. आता घालणार नाही.

३ सप्टेंबर, शनिवार

वाचन झालं. हॉल अर्धा भरला होता, आम्हाला वाटलं त्यापेक्षा जास्त. सिस्टर गॅस्किन दारातच पहारेकऱ्यासारखी उभी होती. जांभळी टोपी मुद्दाम घालून आली होती.

जोनेल बसूनच वाचू लागली. तेच प्रकरण. मी एकटीने वाचलं तेव्हा अक्षरं होती. आज तिच्या आवाजात ऐकलं आणि मला तो हॉस्पिटलचा वास आला. टीनने मधे एकदा माझा हात दाबला होता. मी तिला म्हटलं होतं, सरळ बस, बघतायत. हे पुस्तकात नाही. जोनेलला हे कुठून कळणार!

वाचन संपलं तरी टाळ्या नाहीत. मी मान खाली घालून बसले होते. आता कोणीतरी उठून बोलणार, असं वाटलं. उठल्या त्या मदर प्रुइट. त्यांना उठवायला दोघी लागतात.

"माझ्या लेकीने पांढरे हातमोजे घातले होते," त्या म्हणाल्या. "नर्स म्हणाली, किती सुंदर हातमोजे." आणि बसल्या.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "माझ्या जावेला मी पावडर लावून नेलं होतं. दुखतंय म्हणत होती तर डॉक्टर म्हणाले, तुम्ही लोक फार सोसता, सोसवेल." मग आणखी एक. सगळ्या अगदी हळू बोलत होत्या, जसं आम्ही हॉस्पिटलात बोलतो तसंच.

सिस्टर गॅस्किन दारातून हलली नाही. शेवटी पेला घेऊन पुढे आली, जोनेलसमोर ठेवला आणि म्हणाली, "पाणी पी, पोरी. तोंड सुजलंय तुझं. आणि टोपीचं ते वाक्य मी विसरलेले नाही."

घरी आल्यावर जोनेल लगेच आडवी झाली. उद्या रविवार. तिचा पिवळा ड्रेस आणि माझा काळा इस्त्रीच्या फळीवर काढून ठेवलेत.

६ सप्टेंबर, मंगळवार

हॉस्पिटलात बसून लिहितेय. वही सिस्टर गॅस्किनने घरून आणून दिली. तिने उघडून पाहिली नसावी. पाहिली असेल तरी चालेल.

रविवारी सकाळी इस्त्री तापवली होती. पिवळा ड्रेस फळीवर पसरला होता. आतून जोनेलने हाक मारली. हाक नीट आली नाही. गेले तर ती पलंगाच्या काठावर बसलेली. डोळे सुजून बारीक झालेले. म्हणाली, "मावशी, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. आणि इथे बरगडीखाली कोणीतरी मूठ दाबून बसलंय."

मी म्हटलं, "निघू या."

मी परत बाहेर गेले. ड्रेस उचलला. खालची बाजू सुरकुतलेली होती. दोन हात फिरवले की झालं असतं. मी इस्त्री हातात घेऊन उभी होते. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग ती खाली ठेवली, वायर ओढून काढली आणि जोनेलला तशीच उठवली. अंगात झोपायचा गाऊन, डोक्याला साटीनची झोपायची टोपी, पाय अनवाणी. मीही गाऊनवरच, पायात घरातल्या सपाता. माझ्याही डोक्याला रात्रीचा रुमाल.

हॉस्पिटलची वाट चर्चवरूनच जाते. पायऱ्यांवर सगळे उभे, टोप्या, सूट, पोरांच्या वेण्यांना पांढऱ्या फिती. मी तशी त्यांच्यासमोरून गेले. सिस्टर गॅस्किनने पाहिलं. तिचा हात वर आला आणि तसाच राहिला.

काउंटरवरच्या बाईने आधी टोपी पाहिली, मग माझ्या सपाता. "विमा आहे का?" हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, हिला आठवा आहे, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. तिने माझं ओळखपत्र मागितलं आणि मला त्यावरच्या नुसत्या नावाने हाक मारली. माझ्या नातीच्या वयाची असेल. "व्हर्डी, तू जरा तिकडे बस. सुट्टीचे दिवस आहेत, माणसं कमी आहेत. नाव पुकारलं की ये."

खुर्च्या तशाच होत्या. त्याच ओळीतल्या. जोनेल बसली आणि तिने हात मांडीवर ठेवले. मी तिच्या शेजारी बसायला वाकले, आणि मला बसता येईना.

मी ओरडले.

काय ओरडले ते सगळं आठवत नाही. शाळेत आग लागल्याची घंटा बिघडली होती, तेव्हासुद्धा मी ओरडले नव्हते, वर्गावर्गात जाऊन सांगितलं होतं. "इकडे या! कोणीतरी इकडे या! ही मरतेय!" असं काहीतरी होतं. परत परत तेच. बाई म्हणाली, आवाज खाली करा, नाहीतर बाहेर काढावं लागेल. तिने फोन केला. पहारेकरी आला. आमच्यातलाच, पिकल्या मिशांचा. म्हणाला, "मॅडम, जरा शांत व्हा ना. माझी नोकरी आहे." मी म्हटलं, "मग धर मला आणि ने, पण मी तोंड मिटणार नाही." तो मला धरायला आला, पण हात लावला नाही. जोनेल माझा गाऊन ओढत होती, "मावशी, बस, मावशी, बघतायत." मी म्हटलं, "बघू दे."

आतून एक डॉक्टरीणबाई आली. तरुण, गोरी, चिडलेली. ती आजार बघायला आली नव्हती, गोंगाट कसला ते बघायला आली होती. "काय चाललंय इथे? माझे पेशंट घाबरलेत." मी जोनेलचा गाऊन गुडघ्यापर्यंत वर केला. सगळ्या लोकांसमोर. तिने वाकून नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. तिचा चेहरा पालटला. मग ती माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडली आणि चाकाची खुर्ची धावत आली.

तिला कोणी आवाज खाली करायला सांगितलं नाही.

बीपी इतकं चढलं होतं की जोनेलला खुर्चीतच आकडी आली. दार बंद होताना मला तिचे पाय दिसत होते. मग पोट कापून बाळ काढलं. मुलगी आहे. हातभरसुद्धा नाही. काचेच्या पेटीत ठेवलीय. तिच्याबद्दल विचारलं की डॉक्टर आजचं सांगतात, उद्याचं बोलत नाहीत. जोनेलला काल दुपारी शुद्ध आली. बघता येतंय, बोलता येतंय. डाव्या हातात जोर नाही. येईल म्हणतात.

डॅरियस आलाय. काचेला कपाळ टेकून उभा असतो.

७ सप्टेंबर

सिस्टर गॅस्किन पिशवी घेऊन आली. माझा काळा ड्रेस, बूट, टोपी. "चार दिवस तू त्याच सपातांत आहेस, व्हर्डी. सगळ्या गावाला कळलंय तू कशी किंचाळलीस ते. पाद्रीबुवांनी प्रार्थनेत तुझं नाव घेतलं, पण कुठल्या कारणाने ते सांगितलं नाही."

मी म्हटलं, "ठेव तिकडे."

"बदलत नाहीस?"

"नाही."

ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. बऱ्याच वेळाने तिने स्वतःची टोपी काढून मांडीवर घेतली. तिचे केस इतके विरळ झालेत हे मला माहीत नव्हतं. म्हणाली, "टीनच्या वेळी मीही इथे आले असते, तर दोघी मिळून..."

संध्याकाळी मला जोनेलपाशी सोडलं. तिचे ओठ फुटलेत, मी कापसाने पाणी लावत होते. तिने विचारलं, "तू खरंच ओरडलीस, की मला स्वप्न पडलं?"

"ओरडले."

"मी पुस्तकात लेनाला ओरडायला लावणार होते. मग खोडलं. वाटलं, ती नाही ओरडणार."

"नव्हतीच ओरडली ती," मी म्हटलं.

जोनेलने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मी तिचा डावा हात चोळत बसले. अजून गारच आहे.

मग मी तिला सांगितलं, पुढे कधी परत छापतील तेव्हा एवढं दुरुस्त कर. सूट करडा होता. बाहीला काळी पट्टी. हॉस्पिटलातून आल्यावर टीनने तो नीट घडी घालून खुर्चीवर ठेवला होता, चुरगळला नव्हता फारसा. तरी तिला त्यातच पुरायचं म्हणून आदल्या दिवशी मी त्याला परत इस्त्री केली.